दीड इंच

दार अर्धवट उघडं होतं आणि आत एक माणूस शिवत बसला होता.

दवाखान्यात कोण काय शिवतंय म्हणून तिने डोकावून पाहिलं. हिरवे कपडे, तोंडाला मास्क, हातात मोजे. समोर पसरलेल्या स्वच्छ कापडावर काळ्या स्पंजाचा एक तुकडा आणि एक लांबलचक नळी. नळीच्या टोकाला स्पंज बसवून तो जाड रेशमी धाग्याने टाके घालत होता. टाके एक वेळ चालले असते, पण शेवटची गाठ त्याने अशी काही मारली की तिला राहवेना.

"अहो, सुटेल ती गाठ."

त्याने मान वर केली. मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते, आणि ते चिडावं की हसावं या विचारात पडले होते.

"तुम्ही कोण?"

"लेडीज टेलर."

"इथे?"

"इथे पेशंटची मुलगी. पण गाठ ती गाठच. एकाच बाजूने दोनदा फिरवलीत. दुसऱ्यांदा उलटी फिरवा, म्हणजे बसेल."

"बाहेर थांबा," तो म्हणाला. "दारात उभं राहायची परवानगी नाही."

ती बाहेर बाकावर जाऊन बसली. आपण कुणाला शिकवायला गेलो? आत तिचे बाबा होते. आई गेल्यापासून दोघंच एकमेकांना होते. बाबांच्या अन्ननलिकेचं ऑपरेशन झालं, पण आतला जोड एका बाजूने उसवला आणि छातीत लिंबाएवढी पोकळी होऊन तिच्यात पू साठला. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेल्या माणसाचा आतला टाका उसवावा, यावर बाबा स्वतःच विनोद करायचे. तिला मात्र हसू येत नव्हतं.

तासाभराने तो, डॉक्टरांच्या हाताखालचा टेक्निशियन, बाहेर आला. मास्क गळ्यात ओढलेला, गालावर त्याचा वळ.

"गाठ परत मारली. उलटी फिरवून. डॉक्टरांनी ओढून पाहिली, म्हणाले, आज काय शिवणाच्या क्लासला गेला होतास की काय?" मग तो गंभीर झाला. "स्पंज पोकळीत नीट बसलाय. नळी नाकातून बाहेर काढलीय, ती या यंत्राला जोडायची. यंत्र सतत हळूहळू ओढत राहतं. आतली घाण या डब्यात येते आणि जखमेच्या कडा एकमेकींच्या जवळ येत जातात."

"आणि स्पंज आतच राहणार?"

"नाही, नाही. तीन-चार दिवसांनी बदलायचा. जास्त ठेवला तर मांस त्यात शिरतं, मग निघता निघत नाही. दर मंगळवारी आणि शुक्रवारी. दर वेळी आधीपेक्षा लहान कापायचा."

"लहान होत होत…?"

"लहान होत होत एक दिवस लागतच नाही," तो हसून म्हणाला. तेव्हा ती पण हसली.

असे मंगळवार आणि शुक्रवार सुरू झाले.

बाबांच्या तोंडाला कुलूप होतं. पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, आणि घशातून नळी गेलेली, म्हणून बोलायचंही नाही. पोटावरच्या वेगळ्या नळीतून दूध-पाणी चालायचं. जे बोलायचं ते बाबा वहीत लिहायचे. 'सिस्टर रागीट आहेत पण इंजेक्शन छान देतात.' 'पाणी कधी?' 'सुईबाई, जेवून ये. तोंड बघ कसं झालंय.' सुईबाई म्हणजे ती. टोचून बोलते म्हणून लहानपणापासून हेच नाव.

त्यालाही बाबांनी नाव ठेवलं, स्पंजवाला. तो आला की बाबा वहीत काहीतरी खरडून त्याच्यापुढे धरायचे. एकदा लिहिलं, 'मी शिवलेल्या शर्टाची दुसऱ्यांदा ट्रायल कधी लागली नाही. चाळीस वर्षांत एकदाही नाही.' त्याने खाली वाचलं, 'पण एक वाईट. माप बरोबर बसलं की गिऱ्हाईक वर्षभर तोंड दाखवत नाही.'

"आमचंही तसंच आहे, काका," तो म्हणाला. "आमचं माप बरोबर बसलं की पेशंट पुन्हा येतच नाही."

बोलता बोलता त्याने सहज तिच्याकडे पाहिलं. ती उगाच चादरीची घडी मोडून पुन्हा घालत राहिली.

बाकावर बसून तिने त्याला तीन प्रकारच्या गाठी शिकवल्या. पर्समध्ये सुई-दोरा कायमच असायचा. त्याच्या बोटांना शिवणाऱ्या माणसाची सवय नव्हती, दोरा बोटातच गुंडाळला जायचा. मग तो सोडवायला तिला त्याचा हात हातात घ्यावा लागायचा. दुसऱ्यांदा गुंडाळला गेला तेव्हा तिला वाटलं, चुकून झालं. चौथ्यांदा तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"मुद्दाम करताय?"

"मी?" त्याने इतका भाबडा चेहरा केला की तिला हसू आवरेना.

मग मधल्या दिवसांतही यंत्र वाजू लागलं. नळी कुठे दबली की ते टीं टीं करायचं, सिस्टर फोन करायच्या आणि तो दोन-दोन पायऱ्या गाळत वर यायचा. दर वेळी नळी बाबांच्या कोपराखाली सापडायची. बाबा डोळे मिटून पडलेले असायचे.

एके शुक्रवारी तो तिच्या शेजारी बसला, पण मधे एका माणसाची जागा सोडून.

"एक सांगू? पेशंटच्या घरच्यांशी आम्ही जरा जपून वागतो. तुम्ही घाबरलेल्या असता. आम्ही चार शब्द बरे बोललो की तुम्हाला आम्ही देव वाटायला लागतो. त्यात गैरसमज होतात."

तिचं तोंड कडू झालं. "मला काही गैरसमज झालेला नाही. देव गाठी जरा बऱ्या मारत असेल."

तो हसला नाही. "तुम्हाला नसेल झाला…" तो उठत म्हणाला. "मला होईल, त्याचं काय? नळी आहे तोवर मी काही बोलणार नाही. बोलणं बरोबर नाही."

ती कितीतरी वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत बसली. नळी आहे तोवर… म्हणजे नळी निघाल्यावर? पण नळी निघाल्यावर तो कुठे आणि ती कुठे?

पुढच्या मंगळवारी डॉक्टर खुशीत बाहेर आले. "जखम निम्म्याने भरली! सात सेंटिमीटरचा स्पंज आज साडेतीनवर आला."

आणि तिच्या काळजात चर्र झालं.

एकच क्षण. पण तो तिने स्वतःला कधी माफ केला नाही. बाबा तहानेने ओठ चाटत दिवस काढत होते, त्या जखमेच्या एकेका सेंटिमीटरसाठी तिने जीव टांगणीला लावला होता, आणि ती भरतेय म्हटल्यावर हिला काय आठवलं? आता मंगळवार किती उरले! वॉर्डात जाऊन तिने बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं. बाबांनी वहीत लिहिलं, 'काय झालं?' ती म्हणाली, "काही नाही. आनंद झाला."

डॉक्टर म्हणाले होते, अजून निदान दोनदा स्पंज लागेल. तिने मनाशी एक वाक्य तयार केलं. साधंच होतं, 'आमचं दुकान चौकाच्या कोपऱ्यावर आहे.' बाकावर बसून ती ते वाक्य घोकत राहिली. कधी त्यात 'या कधीतरी' जोडायची, कधी लाजून काढून टाकायची.

पण शुक्रवारी बाकासमोर दुसराच माणूस उभा होता. स्पंजवाल्याला नवीन यंत्र शिकायला दुसऱ्या दवाखान्यात पाठवलं होतं, तीन दिवसांसाठी. आणि त्या तीन दिवसांतच जखमेने कमाल केली. घशातून दुर्बीण घालून पाहून डॉक्टर म्हणाले, "आता स्पंजाची गरज नाही." नळी निघाली. बाबांनी कोमट पाण्याचा पहिला घोट तोंडात घोळवत घोळवत घेतला, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिच्याही आलं. कुणासाठी किती, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

रविवारी ती दोघं घरी गेली. निघताना ती, तो शिवत बसायचा त्या दुर्बिणीच्या खोलीपर्यंत जाऊन आली. दार बंद होतं. सिस्टरांनी विचारलं, "काही निरोप आहे का?" जिभेवर आलेलं वाक्य तिने गिळलं. "नाही. नुसतं… सांगा, पाणी प्यायले म्हणावं."

दुकान उघडलं, कपाटावरची धूळ पुसली, राहिलेले ब्लाउज एकामागून एक पुरे केले. हात कामात असायचे, पण शिलाई यंत्राची मोटर घरघरली की तिला ते दुसरं यंत्र आठवायचं, आणि जिन्यावरून धावत आलेली पावलं. मंगळवारी सकाळी तिला नकळत चांगली ओढणी घ्यावीशी वाटायची. आरशासमोर ती ओढणी परत घडी घालून ठेवायची. रस्त्यावरून हिरव्या कपड्यातला माणूस गेला की कापडावरची कात्री थांबायची, आणि तो दुसराच कुणीतरी निघायचा. तिला तो हवा होता. इतकं साधं होतं ते, आणि इतकं अवघड. आपण बाबांचे प्राण वाचवणाऱ्याच्या मागे लागलो की खरंच त्याच्या? त्याचं ते 'गैरसमज' तिला रात्रंदिवस टोचायचं. पण सुईबाईला टोचून घ्यायची सवय नव्हती.

तीन आठवड्यांनी दवाखान्याची पिशवी आवरताना बाबांची वही सापडली. 'पाणी कधी?' 'पाणी कधी?' पानंच्या पानं. आणि शेवटच्या पानावर नुसते आकडे. गळा साडेपंधरा. खांदा अठरा. छाती एकोणचाळीस. बाही साडेतेवीस. नाव कुणाचंच नव्हतं.

बाबा खिडकीशी बसून बटणं निवडत होते.

"बाबा, हे माप कुणाचं?"

"गिऱ्हाईकाचं." बाबांनी मान वर केली नाही. आवाज अजून बसलेला होता. "शिवायचं राहिलंय. तपासणीला जायच्या आत करून ठेव. पांढरं कापड घेऊ नकोस. निळं घे. हिरवे कपडे घालून कंटाळला असेल."

तिचे कान गरम झाले. आडवं पडल्या पडल्या, नाकात नळी घेऊन, बाबांनी डोळ्यांनी त्याचं माप घेतलं होतं! तिने फिकट निळं कापड काढलं आणि त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, चांगल्या उजेडात कापलं. काज तिने हाताने केले. काज हाताने करायचं आता कुणी नाव काढत नाही.

तपासणीच्या दिवशी बाबांना आत नेलं आणि ती त्याच बाकावर बसली, मांडीवर कागदात गुंडाळलेला शर्ट घेऊन. तासाभराने दार उघडलं. तोच होता. गालावर मास्कचा वळही तोच.

"भरली," तो म्हणाला. "पूर्ण. पोकळी होती तिथे आता नुसता पांढरा वण आहे." मग तो थांबला. "पाणी प्यायले, हा निरोप मिळाला मला. एवढाच होता?"

"एवढाच." तिने पुडकं पुढे केलं. "हा बाबांकडून. घालून बघा."

तो शेजारच्या खोलीत गेला आणि निळा शर्ट घालून आला. गळा चोख. खांद्याची शिवण अगदी हाडावर. पण बाह्या… बाह्या मनगटाच्या वर दीड इंच! त्याने दोन्ही हात पुढे धरले, शाळेतल्या वाढत्या मुलासारखे.

"असं कसं होईल?" ती उठलीच. "बाबांचं माप चुकत नाही. कधीच नाही!"

"झोपून घेतलं असेल."

पर्समधून टेप कधी निघाली ते तिला कळलं नाही. खांद्यावर एक टोक, कोपरावरून खाली, मनगटापाशी तिची बोटं थांबली. पंचवीस. त्याची नाडी तिच्या बोटाखाली धावत होती. तिने हात काढला नाही.

"माझ्यावर रागावू नका," तो हळूच म्हणाला. "स्पंज कापताना मी दर वेळी मोजायचो. सात, सहा, पाच… साडेतीनला आलो त्या दिवशी मला वाईट वाटलं. पेशंट बरा होतोय म्हणून वाईट! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. स्वतःची इतकी लाज वाटली की त्या स्पंजाची गाठ मी दोनदा मारून तीनदा तपासली."

जे ती कुणापाशी कबूल करू शकत नव्हती, ते हा माणूस आखूड बाह्यांत उभा राहून सरळ सांगत होता.

"मलाही," ती म्हणाली. "त्याच दिवशी. मला वाटलं, मी एकटीच इतकी वाईट आहे."

"नाही. आपण दोघं आहोत."

"आणि तुमचा तो नियम? गैरसमज?"

"तुमचे बाबा आता पेशंट नाहीत. अकरा वाजून दहा मिनिटांनी डॉक्टरांनी फाईल बंद केली. मी घड्याळ बघूनच बाहेर आलोय." तो हसला, पण आवाज कापला. "मला तुम्ही हव्या आहात. बाकी काय बोलायचं ते मला येत नाही. गाठीसुद्धा तुम्हीच शिकवल्यात."

ती टेप गुंडाळत राहिली. गुंडाळून झाली तरी गुंडाळत राहिली. मग ते कितीतरी मंगळवारांचं वाक्य एकदाचं बाहेर पडलं.

"आमचं दुकान चौकाच्या कोपऱ्यावर आहे. बाही नवी लावावी लागेल."

"किती वेळा यावं लागेल?"

"बरोबर बसेपर्यंत."

"मग बसू देऊ नका," तो म्हणाला.

ती आत गेली तेव्हा बाबा गुंगीतून नुकतेच जागे होत होते. जखमेचं सांगावं म्हणून ती त्यांच्यावर वाकली. ओढणी नीट करत, चेहरा होईल तितका सरळ ठेवत. बाबांनी एक डोळा उघडून तिच्या तोंडाकडे पाहिलं. जखमेचं त्यांनी विचारलंच नाही.

"बाही आखूड झाली ना?" ते म्हणाले, आणि डोळा पुन्हा मिटून घेतला.