थोरलीची लवंग

बसा. दिवा जरा बाजूला सारा. माझं तोंड दिसलं की तुम्हाला उगाच हसू येतं, आणि ही गोष्ट हसण्याची नाही. म्हणजे सुरुवातीला आहे थोडी.

माणसं दाढीला जातात तसा मी तेव्हा डायलिसिसला जायचो. इस्पितळाच्या तळघरात मशीनं, खिडकी एकही नाही. हातातून रक्त काढायचं, धुवायचं, परत भरायचं. रक्त गाळायची नळीसुद्धा दर खेपेला नवी नाही. ज्याची त्याची धुऊन, औषधात बुडवून ठेवलेली. त्या औषधाचा वास नाकात खिळ्यासारखा घुसायचा. वेळ जाईना म्हणून मी डोळे फिरवून मेल्याचं सोंग करायचो. सिस्टर धावत आली की विचारायचो, “चहा आणलात?” चहा कसला, पाणीसुद्धा घोटाघोटानं मिळायचं.

मला किडनी एकच होती. दुसरी थोरलीला दिलेली. थोरली म्हणजे माझी पहिली बायको. तिच्या दोन्ही गेल्या तेव्हा माझी जुळली. आजारानं तोंडाला वास येतो म्हणून ती सदानकदा लवंग चघळायची, ती सवय पुढेही सुटली नाही. माझ्या किडनीवर चांगली जगली, मग तापानं गेली. जाताना म्हणाली, “तुमचं माझ्यापाशीच राहू दे. पण दुसरीचं काही आत घेऊ नका.”

मी म्हटलं, “बरं बाई.” मरणाऱ्याशी वाद कोण घालणार?

मग धाकटी आली, आणि पुढे माझी उरलेली किडनीही बसली. धाकटी लगेच म्हणाली, “माझी घ्या.”

“तू जळतेस म्हणून देतेस!”

“जळतेच! तिला अख्खी किडनी दिलीत. मला चप्पल आणायची तर विसरता. आता माझी तुमच्या आत बसेल. बघू कोण काढतं ते.”

त्या दुपारी वरच्या मजल्यावर तिची शेवटची रक्ततपासणी होती. “आलेच. सोंगं करू नका,” म्हणून गेली.

आणि वीज गेली.

तळघरात दुपारही रात्रीसारखी. जनरेटर लागेपर्यंत ज्याच्या त्याच्या माणसानं मशीनचं हँडल हातानं फिरवायचं, नाहीतर रक्त नळीतच गोठतं. चहूकडून करकर सुरू झाली. माझंच मशीन गप्प.

“सिस्टर! लवकर या!”

“पुरे झालं सोंग, आजोबा!” लांबून आवाज आला.

घ्या! माझ्याच कर्माची फळं. दंडापाशी नळी गार पडत चालली...

तेवढ्यात हँडल फिरलं. सावकाश. करर्... करर्...

“आलीस? जरा जोरात फिरव गं.”

औषधाच्या वासातून दुसरा एक वास आला. लवंगेचा. मग अगदी कानाशी...

“तिचं घेणार?”

मी पुटपुटलो, “नाही घेतलं... तर मरतो गं...”

हँडल थांबलं. माझ्या कुशीवरच्या जुन्या व्रणावर एक ओला, गार तळवा टेकला.

“मग आपलंच घ्या...”

दिवे लागले. धाकटी दारातून आत येत होती, कोपराच्या खोबणीत कापूस दाबून. मशीनपाशी कुणी नव्हतं.

ऑपरेशनआधी सोनोग्राफी झाली. डॉक्टरनं पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “आजोबा, आमचीही थट्टा? किडनी कुठे दिलीत? दोन्ही आहेत की. एक सुकलीय, दुसरी ठणठणीत.”

मी व्रण दाखवला. जन्मात पहिल्यांदा खरं बोललो, आणि तो माणूस पोट धरून हसला.

वाटलं, धाकटीवरचं ऑपरेशन टळलं, खूश होईल. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे शेवटी तिच्याकडचंच घेतलंत.”

मशीन सुटलं. आता तांबेच्या तांबे पाणी पितो. पण धाकटीही हट्टाची. झोपताना मुद्दाम त्याच कुशीवर हात ठेवते. मग आतून कुणीतरी तो हात ढकलतं. ही जोर लावते, ती जोर लावते, आणि मधे मी. काल तर आतून हिला नख लागलं. खरंच.

आता धाकटी चहा घेऊन येईल. हिच्या बोटाकडे बघू नका... आणि चहाला लवंगेचा वास आला, तर हिला विचारू नका. आमच्या घरात लवंग आणतच नाहीत.