कोणी जेवायचं राहिलंय का

घोटीच्या बाजारातून भाग्यश्री परतली तेव्हा दुपार कलली होती. रिक्षात पायाशी वांगी, मिरच्या, कोथिंबिरीच्या जुड्या आणि मांडीवर पेंगलेली आरोही. संध्याकाळी नाशिकहून गाडी भरून माणसं जेवायला यायची होती.

धरणाच्या काठावर 'चुलीवरचं जेवण व मुक्काम' असा फलक लावून अजून वर्षही झालं नव्हतं. नवरा, जीवन, सातपूरच्या कारखान्यात पाळी करून सुट्टीपुरता यायचा. बाकीचा गाडा भाग्यश्री आणि तिची सासू ठमाबाई ओढायच्या. पाहुणे पाण्याचे फोटो काढायचे, भाकरीवर ताव मारायचे आणि जड पोटानं तंबूत जाऊन आडवे व्हायचे. भाग्यश्री खरोखर सुखात होती. काळजी होती ती एकच, पण ती उशाला घेऊनच झोपायची. जगाला जेवू घालणाऱ्या घरात तिची स्वतःची लेक जेवत नव्हती.

पाच वर्षांची आरोही घास गालात धरून बसायची आणि कोणी बघत नाही असं पाहून कुत्र्याला घालायची. औषधं झाली, दृष्ट काढून झाली, नवसही बोलून झाले. त्या दिवशी घोटीच्या डॉक्टरांनी तिचं वजन बघून नुसतेच ओठ आवळले होते.

घरात एक रीत होती. चूल विझवण्याआधी घरच्या बाईनं दारात उभं राहून साद घालायची, "कोणी जेवायचं राहिलंय का?" जरा थांबायचं आणि मगच निखाऱ्यांवर राख ओढायची. धरणाखाली गेलेल्या गावातून ठमाबाईनं ही रीत वर आणली होती. मात्र ती साद घालायची ती रस्त्याकडे तोंड करून, पाण्याकडे पाठ फिरवून. म्हातारीला बुडालेलं गाव बघवत नसेल, असं भाग्यश्रीला वाटायचं. विचारायचं राहूनच गेलं होतं.

नेमकी त्या दिवशी ठमाबाई लेकीकडे देवळ्याला गेली होती. भाग्यश्रीनं एकटीनं सगळा स्वयंपाक उरकला आणि सूर्य पाण्याला टेकत असताना फोन आला. गाडी बंद पडली होती, मंडळी माघारी चालली होती.

भरलेल्या पातेल्यांकडे बघून तिला रडूच आलं. एवढं रांधलेलं वाया जाणार, आणि पोर समोर उपाशी. तिनं हात धुतले, पाहुणे बसायचे त्या ओट्यावर गेली आणि रीत म्हणून साद घातली. ओटा पाण्याकडे होता. तिचं तोंडही पाण्याकडे होतं.

"कोणी जेवायचं राहिलंय का?"

वारा पडलेला होता. खालून कोणीतरी म्हणालं, "राहिलोय की, पोरी..."

उताराच्या गवतातून माणसं वर येत होती. म्हातारे, बाया, डोईला मुंडासं बांधलेला एक उंच गडी. पलीकडच्या काठाला उतरलेली कुठल्यातरी गावची मंडळी असतील, असं तिच्या मनात आलं. त्यांचे पाय ओले होते, अंगाला शेवाळाचा आणि बरेच दिवस बंद राहिलेल्या कणगीचा वास होता. पण अन्न वाया जात नाही या आनंदात तिनं वासाकडे लक्ष दिलं नाही. खुर्च्यांवर कोणी बसलं नाही. सगळ्यांनी भुईवर पंगत धरली आणि मुकाट जेवायला लागले.

"भाकर ठमीच्या वळणाची हाय," एक म्हातारी हळूच म्हणाली.

"तुम्ही आईंना ओळखता?"

"आमच्याच आळीची ती. नवसाबाई म्हन, वळखंल."

आरोही कधी उठली आणि त्या नवसाबाईच्या मांडीत जाऊन बसली ते कळलंच नाही. म्हातारी एकेक घास भरवत होती, आणि पोर खात होती. चावून खात होती, गिळत होती, पुन्हा तोंड उघडत होती. भाग्यश्री खांबाला टेकून ते बघत राहिली. इतकं साधं सुख नवसानं मागावं लागेल असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

निघताना नवसाबाई म्हणाली, "आता तुमी या आमच्याकडं जेवाया."

जेवणाच्या आमंत्रणाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. "येऊ की," भाग्यश्री म्हणाली, आणि मन भरून आलं म्हणून पुढे जोडलं, "आरोहीला घेऊन येऊ."

ती पत्रावळी गोळा करायला वाकली. वर पाहिलं तर उतारावर कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ठमाबाई आली. सगळं ऐकून ती उंबऱ्यातच बसली.

"कुनीकडं तोंड करून हाक मारली?"

"पाण्याकडे."

"माणसं वर आली गं... मेल्याली तिथंच ऱ्हायली. मसनवटा पान्याखाली गेला. त्यास्नी पान वाढाया मागं कोन हाय?" तिनं भाग्यश्रीचं मनगट धरलं. "नवसा माझ्या लग्नाच्या साली गेली. काय म्हनली ती जाताना?"

भाग्यश्रीनं सांगितलं.

"बोलावनं आलं तर नाय म्हनू नको. उपास हाय म्हनायचं. उपाशाला कोन आग्रह करीत नाय."

आणि बोलावणं आलं. रोज दिवस मावळताना पाण्याकडून बारीक साद यायची, कोणी जेवायचं राहिलंय का. ठमाबाई ओट्यावर जाऊन सांगायची, "माझ्या घराला आज उपास हाय गं." पाहुण्यांना पलीकडची साद ऐकू यायची नाही. त्यांना म्हातारीची मौज वाटायची, आणि हातातला मासा खाली न ठेवता ते हसायचे.

नवल म्हणजे आरोही भरत चालली. गाल वर आले. डॉक्टरांनी तिची पाठ थोपटली. घरात मात्र ती ताटाला शिवत नव्हती, पोट भरलंय म्हणायची. पाहुण्यांच्या पंगतीत खात असेल, असं भाग्यश्रीनं स्वतःला समजावलं. हवं ते मिळालं की माणूस फार चौकशी करत नाही.

एका संध्याकाळी लेकीचं तोंड पुसताना तिच्या हनुवटीला चिकटलेलं शीत भाग्यश्रीच्या बोटाला लागलं. ते तांबडं होतं. अजून गरम होतं. फ्रॉकची कड ओली होती.

"कुठं जेवलीस?"

"तूच म्हणालीस ना, येऊ म्हणून," आरोही म्हणाली.

भाग्यश्रीनं ते शीत सासूपुढे धरलं. असला तांबडा तांदूळ गाव पाण्याखाली गेल्यापासून या भागात कोणी पेरला नव्हता. ठमाबाईनं ते तळहातावर घेतलं, हुंगलं. आता ती ते चुलीत टाकेल असं भाग्यश्रीला वाटलं. म्हातारीनं ते तोंडात टाकलं आणि डोळे मिटून चावलं.

"मीठ कमीच," ती हसून म्हणाली. "नवसाचा हात काय सुदारला नाय."

तेवढ्यात पाण्याकडून साद आली. भाग्यश्री उत्तराची वाट बघत राहिली. ठमाबाईनं पदराला हात पुसले, आणि आरोहीचं बोट धरून ती उताराकडे वळली.