शेजारची कुंडी

सकाळी देवाजवळ दिवा लावून तुळशीला पाणी घातल्याशिवाय मी तोंडात थेंब घेत नाही. सुरभी चार वर्षांची असताना तापात आठ दिवस तिनं डोळे उघडले नव्हते, तेव्हा तिच्यासाठी हा नेम धरला. आता ती एकोणीसची आहे. पंधरा वर्षांत खाडा नाही. कधी पुसद सोडून जावं लागलंच तर किल्ली शेजारच्या कांताबाईंकडे द्यायची. त्या माझ्या नावानं दिवा लावत, पाणी घालत. त्या गावाला गेल्या की मी त्यांच्याकडे जाई. बायकांत हे चालतं.

गेल्या जुलैत सुरभी नागपूरला शिकायला गेली. निघायच्या आदल्या दिवशी तिनं मला टीव्हीखालच्या खेळाच्या यंत्रासमोर बसवलं. त्यात तिची एक बाग होती.

"आई, रोज एकदा चालू कराचं, कुंड्यायले पाणी घालाचं, बंद कराचं. खाडा झाला का सुकते."

"कॅसेट कोणती टाकू?"

"कॅसेट कुठी राह्यली आता? नेटवरूनच उतरवला हा गेम. तू फक्त हे बटन दाब."

"म्हणजे आणखी एक नेम माह्या मागं लावून चालली."

"तुले सवय आहे नं," ती हसली.

तुळस झाली की ओले हात पदराला पुसून मी टीव्हीसमोर बसू लागले. बागेच्या कुंपणापलीकडे दुसऱ्या कुणाची बाग दिसे. ऑनलाइन असलं की शेजार जोडला जातो, असं सुरभी म्हणाली होती. सगळ्या बागांच्या पाटीवर नावं असत. ही पाटी कोरी होती. आत एकच कुंडी, चौकोनी, वृंदावनासारखी, आणि तिच्यात मान टाकलेलं दोन पानांचं रोप. मालकीण कधी दिसली नाही. हातात झारी होतीच, म्हणून मी त्या रोपालाही पाणी घालू लागले.

काही दिवसांनी, मी चालू करायच्या आधीच आमच्या कुंड्यांची माती ओली दिसायला लागली.

"शेजाऱ्याले पाणी घालता येते, आई," सुरभी फोनवर म्हणाली. "कोणी जपानमधली पोरगी असन."

"तिचं रोप लई नाजूक आहे पण."

माघ महिन्यात त्या चौकोनी कुंडीपाशी एक ज्योत दिसू लागली. मी सुरभीला सांगितलं.

"या गेममधी दिवा नाही आहे, आई. चष्मा बदल."

मार्चच्या मध्यावर पडद्यावर सूचना आली. व्हिडिओ कॉलवर सुरभीनं ती वाचली. एकतीस तारखेच्या संध्याकाळी ऑनलाइन सेवा बंद. आपली बाग राहीन, शेजारची दिसणार नाही, असं ती म्हणाली. मला त्या दोन पानांचं वाईट वाटलं. ठरवलं, शेवटच्या दिवशी भरपूर पाणी घालायचं.

एकोणतीसला पहाटे, माझी आंघोळही व्हायची होती, यांच्या छातीत कळ आली. गाडी करून यवतमाळचा दवाखाना गाठला. कांताबाई त्या आठवड्यात लेकीकडे, बोरी अरबला. घराची एक किल्ली माझ्या पर्समध्ये, दुसरी नागपुरात सुरभीकडे.

पंधरा वर्षांत पहिल्यांदा खाडा झाला. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत मी पाणी घेतलं नाही.

"पाणी पी," हे खाटेवरून म्हणाले. "नाही तर बाजूची खाट तुह्यासाठी घ्या लागन."

मी प्यायले. पण जीव सुरभीत अडकला होता. दिवसातून तीनदा फोन केला.

"मी बरी आहे आई. कायले एवढे फोन करून राह्यली?"

यांचं पित्त निघालं. एकतीसला दुपारी घरी परतलो.

कुलूप जसंच्या तसं होतं. उन्हानं अंगण भाजत होतं, कांताबाईंचा मोगरा पार करपला होता. माझ्या तुळशीची माती ओली होती.

देवघरात गेले. निरांजन हाताला कोमट लागलं. ताम्हणात तीन जळक्या काड्या होत्या, शेजारी शेजारी, नीट मांडलेल्या. मी काड्या डबीत टाकते.

यांना निजवलं आणि टीव्ही लावला.

आमची बाग हिरवीगार होती. पलीकडे चौकोनी कुंडीतली माती तडकली होती. दोन्ही पानं मातीवर पडली होती. ज्योत नव्हती.

मी नव्हते, ते तीन दिवस पलीकडची मालकीण स्वतःच्या कुंडीकडे फिरकली नव्हती.

मी पाणी घातलं. पुन्हा घातलं. झारी रिकामी होई, भरून आणी, पुन्हा घाली. मातीचा रंग बदलला नाही.

संध्याकाळी चित्र एकदा थरथरलं. मग फक्त कुंपण उरलं.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता उठले. आंघोळ करून देवघरात गेले.

दिवा लागलेला होता.

ताम्हणात चार काड्या.

सातला सुरभीचा फोन आला.

"आई, तू आल्ती का इथं?"

"नाही गं. काहून?"

"मंग स्वप्न पडलं असन. कोणीतरी डोक्यावरून हात फिरवत होतं. तुह्यासारखंच, हळू." ती जांभई देत होती. "हात ओला होता फक्त. उशी अजून ओली आहे. अन् थोडी माती लागली आहे."