पेडलवरचा पाय

तुम्हाला पटो न पटो, ही रचलेली गोष्ट नाही. अर्धी माझ्या वडिलांनी डोळ्यांनी पाहिली, उरलेली इसिडोरमामाने स्वतः सांगितली.

१९८४ चा मे महिना. अंधेरीतलं मरोळ गावठाण. शनिवारची भर दुपार.

दुसऱ्या दिवशी मामाच्या मुलीचं, मॉनिकाचं लग्न होतं. पोरीला चर्चला आपल्याच गाडीतून न्यायचं, हे मामाच्या डोक्यात बसलेलं. म्हणून त्याने भंगारवाल्याकडून जुनी पिकअप उचलली. तिचा आधीचा ड्रायव्हर केबिनमध्येच मेला होता आणि उन्हात बरेच दिवस तसाच पडून होता.

"धुतलीय गाडी," भंगारवाला म्हणाला.

धुतली कसली! बाटल्या भरून फिनेल ओतलं तरी सडक्या मासळीचा वास जाईना.

ब्रेक तर लागतच नव्हते. घरासमोरच्या उतारावर चाकांना दगड लावून मामा खाली शिरला. नळीतली हवा काढायची होती. या कामाला दोघं लागतात. खालचा ओरडतो, "दाब!" वरचा पेडल दाबून सांगतो, "दाबला!" मग खालचा स्क्रू सैल करून हवा आणि तेल काढतो, स्क्रू आवळतो आणि म्हणतो, "सोड!"

वर माझे वडील, क्लेमेंट, बसले होते. काम झकास चाललं होतं.

"दाब!"

उत्तर नाही.

तरी मामाने स्क्रू सैल केला. तेल आलं... काळं, चिकट.

त्यात केस होते.

मामाला शिसारी आली. "क्लेमेंट, तोंड शिवलंय काय रे?"

वरून आवाज आला. घशात पाणी भरल्यासारखा...

"दाबला."

मामाने स्क्रू आवळला. तेवढ्यात गल्लीतून येणाऱ्या चपला दिसल्या. हातात बाटली घेऊन माझे वडील समोर उभे.

"ब्रेक ऑइल आणायला गेलो होतो ना यार! सांगून गेलो तुला."

मग वर कोण होतं?

मामा धडपडत बाहेर आला. केबिन रिकामी होती.

पेडल मात्र तळाला टेकलेलं. त्यावर पांढुरकं, ओलं फडकं चिकटलं होतं. मामाने ते बोटांनी सोलून काढलं...

फडकं नव्हतं. कातडं होतं. टाचेपासून बोटांपर्यंत, अख्ख्या पावलाचं.

मामा तिथेच भडाभडा ओकला.

घरात लग्न, म्हणून दोघांनी कुणाला काही सांगितलं नाही. रविवारी पिकअपला फुलं बांधली गेली. मॉनिका नाकाला रुमाल लावून आत बसली. ड्रायव्हरच्या सीटवर बसायची मामाची छाती होईना. तो दाराशीच उभा राहिला.

उतारावरून जरा पुढे घ्यावी म्हणून माणसांनी दगड काढले आणि जोर लावला. गाडी तसूभर हलेना.

मामाच्या एकदम लक्षात आलं. काल "सोड" म्हणायचं राहिलं होतं.

म्हणजे कोणीतरी कालपासून पेडल दाबून बसलं होतं... पोरीच्या शेजारी.

"मॉनिका, उतर खाली."

"डॅडी, फादर थांबलेत ना!"

मामाने तिला ओढूनच उतरवलं. मग श्वास कोंडून खिडकीत तोंड घातलं आणि पुटपुटला, "सोड."

पेडल हळूहळू वर आलं...

"सोडला."

पिकअप सुटली. थेट खाली उभ्या असलेल्या बँडवाल्यांच्या दिशेने! बायका किंचाळल्या. मामाच्या तोंडून आपसूक निघालं,

"दाब!"

चाकं करकचली. बँडवाल्यांपासून हातभर अंतरावर गाडी थांबली.

"काय ब्रेक बनवलेस रे इसिडोर!" कुणीतरी पाठीवर थाप मारली.

मामा नव्या कोटावरच ओकला. मॉनिका चालत चर्चला गेली.

पिकअप भंगारवाल्याने जाम चाकांसकट फरफटत नेली. पुढे तिचं काय झालं, कुणालाच ठाऊक नाही.

मामा आता म्हातारा झालाय. घासभर भातही चमच्याने खातो, स्वतःची बोटं तोंडाला लावत नाही. मागे एकदा मी विचारलं, "मामा, नंतर 'सोड' म्हणालास का रे त्याला?"

त्याने बोटं हुंगली आणि तोंड वाकडं केलं.

"नाय बोललो. अजून दाबून बसला असेल तो."