थंड टाकीतले रोहू

"एका टाकीतले सगळे रोहू मेले. सर म्हणतात, मीच टाकीत जहाल जंतू सोडला," इरावती म्हणाली. "उद्या समितीपुढे उभं करणार. पीएचडी गेली माझी."

खासगी तपास करणाऱ्या नलिनी खोत तिच्यासोबत जोगेश्वरीच्या प्रयोगशाळेत आल्या. मागोमाग त्यांचा मदतनीस सुबोध.

टाक्या दोन. एकीत नुसतं पाणी, मासे नाहीत; दुसरीत मासे मजेत.

"जंतू दोन्हीत तोच होता," इरावती म्हणाली. "थंड पाण्यात त्याची विष बनवणारी जनुकं बंद असतात. ती कशानं चालू होतात तेच शोधतोय आम्ही."

"मेलेले आधी कुणी पाहिले?"

"मी. सोमवारी सकाळी, दारातूनच दिसले. शेजारच्या टाकीच्या काचेवर रोजच्यासारखं दव होतं, आतलं दिसायला ती पुसावी लागली. मग सर आले, मला बाहेर थांबवलं."

जोडीची संशोधक गंधाली फणकारली. "माझ्याकडे काय बघता? रविवारी मी कांदिवलीला, बहिणीच्या साखरपुड्यात. इथे फक्त सर. बायको वारल्यापासून घरी कोण आहे त्यांचं?"

नंदकुमार सरांची खुर्ची मासे नसलेल्या टाकीला लागूनच होती. नलिनीबाईंनी तोंड उघडताच सरांनी वाकून त्या टाकीचं पाणी थंड ठेवणारा चिलर बंद केला.

"आता बोला. या घरघरीत ऐकू येत नाही."

"रविवारी काय करत होतात?"

"माझा मुलगा मिहिर टोरांटोला असतो. रविवारी त्याचा फोन असतो."

सुबोध कुजबुजला, "बाई, इथे तर काहीच नाही."

"डोळे उघड रे. गार टाकीला दव येतं. मेलेल्या माशांच्या काचेला नव्हतं, म्हणून तर ते दारातूनच दिसले. म्हणजे पाणी तापलं होतं. उष्णतेचा ताण बसला आणि जंतूनं विषाची जनुकं चालू केली. नवा जंतू कुणी आणलाच नाही." त्या सरांकडे वळल्या. "फोनसाठी चिलर बंद केलात, सुरू करायचं विसरलात. सोमवारी इरावतीला बाहेर काढून सुरू केलात. कारण तुम्हाला कळलं होतं. आणि बिल या पोरीच्या नावावर फाडलंत."

सरांनी बंद चिलरकडे पाहिलं.

"मिहिरशी इतकं बोलत होतात?"

"फोन आला नाही," सर म्हणाले. "आला तर ऐकू यावा म्हणून बसलो. अंधार पडल्यावर उठलो. चिलर डोक्यातच नव्हता."

"वाईट वाटतं. पण एकटेपणा तुमचा, शिक्षा हिला? समितीला सांगा."

"हेही? वाट बघत बसलो होतो, हेही?"

"तेच सांगा."

सरांनी समितीच्या अध्यक्षांना फोन लावला. पलीकडून पहिल्याच रिंगला उचलला गेला.