तळहातावरचा खर्रा

"टाक ते, रितिका! आत्ताच्या आत्ता टाक!"

शामलाबाई एवढ्या जोरात ओरडल्या की सुनेच्या हातातली प्लास्टिकची पन्नी सुटली आणि नवऱ्यासाठी ती मोठ्या कौतुकाने घोटत असलेला खर्रा, तंबाखू, सुपारी, चुना, सगळा बेसा भागातल्या नव्या फ्लॅटच्या फरशीवर सांडला. ऑफिसला निघालेला अंकुश दारातूनच मागे फिरला.

"काय करून राहिली वं माय हे? भाजीत मीठ नाही, तर्री बंद, सकाळी फिरायले चाल... एकोणतीस वर्षांचा आहो मी! मले काय झालं?"

"जिना चढताना तुले दम लागते, बेटा. दुसऱ्या मजल्यावर थांबतोस तू... मी रोज ऐकते."

"मंग ऐकू नको! नसन पटत त् उमरेडले मामाकडे जाऊन राहा!"

शामलाबाई आत गेल्या. त्यांनी दोन लुगडी पिशवीत कोंबली. पोटच्या पोराने दार दाखवावे... तरीही त्या शब्दापेक्षा त्यांचे काळीज जिन्यावरच्या त्या धापेनेच चिरत होते. निमूट जावे, पण परत यावे लागले ते त्याचे मिटलेले डोळे बघायला, तर? पिशवी खांद्याला लावून त्या बाहेर आल्या.

"जाते मी. पण तेवीस वर्षं पोटात ठेवलं ते ऐक. तुह्या बाबाचा खर्रा रोज मीच घोटत होते. 'शामला, तुह्या हातची चव पानठेल्यावर नाही,' म्हणत ते, अन् मी येडी फुलून जात होते! डब्यासंग पुडी द्याची मी, आठवणीनं... बेचाळीसचे होते गा! छातीत कळ आली अन् गेले. लोक म्हणाले, नशीब. नशीब नव्हतं ते अंकुश, हा हात होता!"

रितिका आपला तळहात पुन्हा पुन्हा ओढणीला पुसू लागली.

अंकुशचा चेहरा पांढरा पडला. त्याने आईचा तोच हात ओढून आपल्या छातीवर घट्ट धरला.

"माय... महिना झाला, इथं दाटल्यासारखं होते. भेवानं कोणालेच नाही सांगितलं. मले वाचव वं!"

रामदासपेठेतल्या दवाखान्यात तपासण्या होईपर्यंत शामलाबाईंनी पाण्याचा घोटही घेतला नाही. रक्तदाब बराच वाढलेला होता, पण हृदय अजून शाबूत होते. "वेळेवर आलात," डॉक्टर म्हणाले. "गोळी सुरू करू. पण खर्रा आजपासून बंद. जेवणात मीठ-तेल कमी, आणि रोज चालायचं."

घराच्या वळणावर पानठेला होता. अंकुशला पाहताच ठेलेवाल्याने सवयीने पन्नी उचलून घोटायला घेतली. अंकुशची पावले मंदावली... थांबली. शामलाबाईही थांबल्या. या वेळी त्या ओरडल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या.

अंकुशने मान वळवली. सकाळपासून आईच्या खांद्यावर तशीच लटकलेली पिशवी त्याने काढून आपल्या खांद्याला लावली.

"चाल माय, हळूहळू जिना चढू," तो म्हणाला. "तुही लुगडी परत कपाटात ठेवाची आहेत."