पुणे, कराची, ग्लासगो आणि मी

गलबताखालून दोन बूट बाहेर आले होते.

बूट. म्हणजे सुतार नव्हे. आमच्या उरणच्या खाडीवर बूट घालून गलबताखाली कुणी शिरत नाही. एप्रिल संपत आला होता. अब्बांचं 'सलामती' दुरुस्तीसाठी किनाऱ्यावर ओढलेलं, अंगणापर्यंत माशाच्या तेलाचा वास, आणि मी मिस्त्रीसाठी कोकमाचं सरबत घेऊन उभी.

मी एका बुटावर पाय दिला. मुद्दाम.

"या अल्लाह—!"

"कोण आहे?"

"आधी पाय काढा, मग सांगतो."

"आधी सांगा, मग काढते."

बूट एकदा ओढून पाहिला गेला. निघेना.

"सिराजुद्दीन. रेवदंड्याचा. इथे मामूंकडे आलोय. गलबताच्या पोटाचा बाक मोजतोय."

"का? बाळंत होणार आहे ते?"

आधी हसू बाहेर आलं, मग तो. नाकावर चुना, केसांत तेल, हातात दोरी. आणि डोळे... डोळ्यांचं नंतर.

"जहुराबी, मीच सोडलंय त्यांना," गुणाजी मिस्त्री फळीवरून ओरडला. "इंजिनेर व्हनार हायेत ते!"

"व्हायचंय अजून," तो म्हणाला. आणि माझ्याकडे बघत बघत गुणाजीचं सगळं सरबत पिऊन टाकलं.

"ते मिस्त्रीचं होतं."

"परत करतो."

"कसं?"

"उद्या येऊन."

•

आला. परवाही आला. 'सलामती'चं काम लांबत चाललं. का लांबतंय ते अब्बांना कळेना. गुणाजीला कळत होतं.

•

डोळे.

जहाजाबद्दल बोलताना ते लांब कुठेतरी जायचे. मग एकदम परत यायचे, माझ्यावर थांबायचे, आणि बोलणं अर्धवट राहायचं.

"म्हणजे पाणी जेवढं बाजूला सरतं, तेवढ्या वजनाचं..."

"तेवढ्या वजनाचं काय?"

"...विसरलो."

"इंजिनेर!" मी म्हणायचे.

मी सातवीनंतर घरी बसले होते. अलिबागच्या शाळेत पाठवा म्हणून रुसून उपाशी राहिले होते. पाठवलं नाही, मग जेवले. पण या माणसाने मला "तुला काय करायचंय?" असं कधी विचारलं नाही. त्याने दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "ताणून धरा, हलू नका." तेव्हाच मला वाटलं होतं... जाऊ दे.

•

त्याचा इंटर सायन्सचा निकाल लागला. पहिला वर्ग.

पुणे: इंजिनिअरिंग कॉलेजने घेतलं. यंत्रांची डिग्री, तीन वर्षांची.

कराची: तेव्हा तेही आपल्याच देशात. तिथल्या कॉलेजनेही घेतलं. पूल, कालवे, बांध. तिकडे कामाला तोटा नाही, असं सगळे म्हणत.

ग्लासगो: तिथे जहाजं बांधायला शिकवतात. त्या विद्यापीठानेही होकार दिला. पण विलायतेला जायचं कशाच्या जोरावर? रेवदंड्याला त्यांचे नारळ होते, बाकी काही नव्हतं.

"तिघांनी बोलावलं," तो म्हणाला, "आणि मला फक्त एकीकडे जायचंय. तिथेच जाता येत नाही."

संध्याकाळी मी हे फुफीजवळ बोलले आणि तिथेच चुकले. आमच्या अख्तरुन्निसा फुफीला, अब्बांच्या बहिणीला, सांगितलेली गोष्ट रात्रीच्या जेवणाआधी अब्बांपर्यंत पोचते.

•

अब्बा म्हणाले, "शिडाचे दिवस गेले. लोखंडी बोटी माझा माल पळवतात. आता मला जावईच लोखंडाचा हवा."

तेव्हा ही टूमच होती. सासऱ्याने आपल्या पैशाने जावयाला विलायतेला पाठवायचं, आणि मुलगा पळू नये म्हणून निघण्याआधी निकाह लावायचा. पुण्याची टर्म जूनमध्ये सुरू व्हायची. त्याच्या आत निकाह, म्हणजे पुणे-कराचीचा विषयच मिटला. नवरी चार-पाच वर्षं बापाच्या घरी. नवरा धुक्यात.

अशा गोष्टींत या ठिकाणी मुलगी लाजते, पदर चावते, आतल्या खोलीत पळते.

मी गलबताकडे गेले.

तो माझी वाटच बघत होता. चेहरा असा उजळलेला की मला आधी हसूच आलं.

"जहुरा! ऐकलंस ना? ग्लासगो पण, तू पण!"

"पुन्हा म्हणा."

"ग्लासगो पण... तू..." त्याचा आवाज उतरला. "काय झालं?"

"तिकिटाबरोबर बायको फुकट, होय?"

"तसं नाही—"

"मग कसं? अब्बांनी ग्लासगो दिलं नसतं तर मला मागणी घातली असती?"

"घातली असती."

"कधी?"

तो हातातली दोरी गुंडाळत राहिला. खाडीवरून वारा आला, तेलाचा वास घेऊन.

"शिकून झाल्यावर," तो शेवटी म्हणाला. "हातात काही असतं तेव्हा."

"म्हणजे आज तुमच्या हातात काही नाही, म्हणून माझा हात देतायत. मला नाही चालत."

"जहुरा, जहाजं आहेत गं तिथे..."

केवढ्या आशेने म्हणाला. मला त्याचा राग आला, आणि राग आला तरी तो आवडतच राहिला, याचा आणखी राग आला.

"जा मग जहाजांकडे," मी म्हटलं. "माझ्यावर बसून जाऊ नका."

•

अब्बांना सांगितलं, नाही. अब्बा हसले. मुली नाहीच म्हणतात, म्हणाले.

•

निकाहाचा दिवस. अंगणात मांडव, मागे चुलींवर जेवणाच्या देगी चढलेल्या, रेवदंड्याचे पाहुणे आलेले. सिराजुद्दीन पुढच्या पडवीत, शेरवानीत, काझींसमोर. मी आत, लाल ओढणीखाली.

नवरीचा होकार काझींकडे नेणारा वकील आणि दोन साक्षीदार दाराशी आले. विचारणा झाली: सिराजुद्दीनशी निकाह कबूल आहे का?

आमच्या घराण्यात नवरी बोलत नाही. माझी आई बोलली नव्हती, तिची आई बोलली नव्हती. फुफी पाठीमागे बसते, नवरीच्या डोक्यावर हात ठेवते आणि हळूच खाली दाबते. डोकं खाली गेलं की झालं कबूल.

फुफीचा हात आला.

मी मान ताठ केली.

फुफीने दाबलं. मान जागची हलेना. "अगं, वाक ना!" ती कुजबुजली. "मान आखडली का?" दोन्ही हात लावले. मी लहानपणापासून दोर ओढत आलेय. माझी मान फुफीच्या बापाला वाकली नसती.

"पोर लाजतेय," फुफी दाराकडे बघून म्हणाली. "कबूल आहे म्हणा—"

मी तिच्या तोंडावर हात ठेवला आणि ओढणी मागे टाकली.

"नाही," मी म्हटलं. मोठ्याने. पडवीपर्यंत जाईल असं. "नवरा वाईट नाही. सौदा वाईट आहे. कबूल नाही."

•

पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे. भांडी पडली, कुणी रडलं, कुणी दम दिला. अब्बा एवढंच म्हणाले, "ग्लासगो बुडालं." आणि खोलीत जाऊन कडी लावली.

•

मी गलबताच्या सावलीत बसले होते, लाल कपड्यांत. तो आला. शेरवानीची बटणं सुटलेली.

"गावासमोर नापास केलंस मला."

"हो."

"ग्लासगो गेलं."

"हो. रागवा."

"रागावलोच आहे!" तो ओरडला. मग माझ्यापासून हातभर अंतरावर, वाळूत, शेरवानीसकट बसला. "तिथे काझींसमोर बसलो होतो ना... मनात गोदी होती. लोखंडाचे सांगाडे, ठोकण्याचे आवाज. तू नव्हतीस. खरं सांगतो."

दुखलं.

"मग आतून तुझा आवाज आला. नाही, असा. आणि एकदम काहीतरी गेलं माझं. पण ते... ते ग्लासगो नव्हतं, जहुरा."

समोर चिखलात बगळा उभा होता. मी बगळ्याकडे बघत राहिले, कारण त्याच्याकडे बघितलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. आणि अजून एक गोष्ट राहिली होती.

"पुणे की कराची?" मी विचारलं.

"तूच सांग."

"मी सांगणार नाही. मी कुणाच्या कॉलेजात मध्ये येणार नाही."

तो विचार करत बसला. खरोखर विचार करत. देगीखालचा धूर आमच्यावरून गेला.

"पुणे," तो म्हणाला.

"उरणहून जवळ म्हणून?"

"नाही." थोडा ओशाळला. "मला पूल बांधायचे नाहीत. इंजिनं शिकायचीत. गोदीला लागतातच ती. मुंबईची गोदी काय कमी आहे? हं... तू कराचीला असतीस तरी पुणेच म्हणालो असतो."

इतकं सुंदर मला आजवर कुणी काही बोललं नव्हतं.

"आता विचारा," मी म्हटलं.

"काय?"

"इंजिनेर!"

त्याला कळलं. कान लाल झाले. "जहुरा... सौदा नाही. वकील नाही. माझ्याशी... मी शिकून आल्यावर..."

"नवरीला महर द्यावा लागतो. काय देणार?"

"आत्ता? नारळ आहेत."

"नारळ नकोत. जे शिकाल ते प्रत्येक सुट्टीत येऊन मला शिकवायचं. सगळं."

"गणितसुद्धा?"

"गणित आधी."

"रडशील."

"तुम्ही रडाल."

तो हसला, आणि त्याचा हात वाळूवरून हळूहळू माझ्याकडे आला... थांबला. उरलेलं अंतर माझ्या बोटांनी कापलं.

तेवढ्यात मागच्या दारात फुफी. घाम, धूर, विस्कटलेले केस.

"पाहुणे खोळंबलेत गं! अन्न गार होतंय. काय सांगू त्यांना? जेवायचं की उठायचं?"

मी हात न सोडता उठले. तोही उठला, उठावंच लागलं.

"जेवा म्हणावं!" मी ओरडले. "लग्न ठरलंय! तीन वर्षांनी आहे!"